वर्षाचा गहू भरावा की आधी कार्ड फेडावं?

एप्रिल लागला की इंदूरच्या मराठी घरांत गव्हाचा विषय निघतो. लोकवन घ्यायचा की शरबती, छावणीच्या मंडीतून आणायचा की ओळखीच्या शेतकऱ्याकडून, कोठी कधी धुऊन उन्हात ठेवायची. पाठोपाठ तूरडाळ, निमाडातली लाल मिरची, हळद. वर्षाचं भरून झालं की घरातली मोठी माणसं निर्धास्त होतात. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. हंगामात माल चांगला आणि स्वस्त मिळतो, आणि पावसाळ्यात गव्हासाठी बाजार गाठावा लागत नाही.

पण त्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गव्हाचे पैसे हातात आहेत आणि ते कुणाचं देणं लागत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या घरी तसं नव्हतं. घरातल्या आजारपणाचं बिल क्रेडिट कार्डावर गेलं होतं आणि त्यातले 80,000 रुपये बाकी होते. आम्ही दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरत होतो आणि फेड चालू आहे अशा समजुतीत होतो. एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा डोळे उघडले.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं. 80,000 वर 2,800 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 504. म्हणजे महिन्याला 3,304 रुपये नुसते व्याजाचे. आम्ही भरत होतो 4,000. मुद्दल उतरत होतं जेमतेम 700 रुपयांनी. दर महिन्याला 4,000 याप्रमाणे कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागली असती आणि एकूण 1,72,000 च्या वर रुपये गेले असते. तेही कार्डावर नवीन काहीच घेतलं नाही तर.

आणि आम्ही तर किराणा त्याच कार्डावर घेत होतो. इथे बऱ्याच घरांची चूक होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कार्डाचे ते 40-50 बिनव्याजी दिवस मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळतात. बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे आज आणलेल्या तेलाच्या डब्यावर, साबणावर, बिस्किटांवरही महिन्याला साडेतीन टक्के. दुकानात दहा रुपयांची सूट मिळाली म्हणून आपण खूश होतो, आणि ती सूट पंधरा दिवसांत व्याजात जाते. बाकी असेपर्यंत किराणा कार्डावर घेऊ नये. रोख, नाहीतर खात्यातून थेट. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडचं महिन्याचं खातंसुद्धा यापेक्षा बरं, अट एवढीच की पगार झाल्या दिवशी ते पूर्ण चुकतं व्हावं.

आता गव्हाकडे येऊ. चार माणसांच्या, दोन वेळा पोळ्या होणाऱ्या घरात वर्षाला अडीच क्विंटल गहू धरा. भाव समजा 3,200 रुपये क्विंटल. एकदम भरला तर 8,000 रुपये लागतात. हेच पैसे कार्डावर भरले आणि गहू महिन्याच्या महिन्याला, साधारण 667 रुपयांचा, घेतला तर काय होतं? एकदम भरताना पहिल्या महिन्यात 7,333 रुपये आगाऊ अडकलेले असतात, दुसऱ्या महिन्यात 6,667, आणि असं उतरत उतरत वर्षअखेरीला शून्य. या अडकलेल्या पैशांवर कार्डाचं व्याज आणि जीएसटी मिळून वर्षाला सुमारे 1,800 रुपये होतात. म्हणजे कोठीतला 8,000 चा गहू आपल्याला 9,800 ला पडला. महिन्याच्या महिन्याला घेताना किलोमागे तीन-चार रुपये जास्त मोजावे लागतात हे खरं, पण भरून ठेवणं फायद्याचं ठरायला किरकोळ भाव वर्षभर सरासरी पंचवीस टक्क्यांनी चढा राहायला हवा. गव्हात एवढी तेजी सहसा येत नाही.

कर्ज जर घराचं असेल, वर्षाला साडेआठ टक्क्यांचं, तर हेच गणित उलटतं. तेवढेच पैसे अडकले तरी व्याज वर्षाला 300 च्या जरा वर जातं. किलोमागे तीन रुपये वाचले तरी सातशेच्या आसपास बचत होते. त्या घराने आनंदाने कोठी भरावी. तेव्हा साठवण करावी की नाही, याचं उत्तर बाजारात नाही, तुमच्या कर्जाच्या दरात आहे. तूरडाळ आणि मिरचीलाही हाच नियम लावा. डाळीचे भाव गव्हापेक्षा जास्त हलतात, तरी साडेतीन टक्के महिना या दराशी स्पर्धा करणं डाळीलाही जड जातं.

अशी साठवण थांबवून वर्षाकाठी वाचतात ते 1,800 रुपये. कर्ज खरं हलवायचं तर महिन्याच्या खर्चात हात घालावा लागतो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भागात जवळपास 40 टक्के खर्च खाण्यापिण्यावर दिसतो, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा, एकूण खर्चाच्या सुमारे 11 टक्के. धान्याचा वाटा 4 टक्क्यांच्या आसपास आहे. आपण मात्र काटकसर म्हटली की आधी डाळ-तांदळाकडे बघतो.

आम्ही एक महिना काहीही न बदलता फक्त लिहिलं. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा खाडा लिहायची सवय होतीच, त्याच चौकोनात दिवसाचा खाण्याचा खर्च लिहू लागलो. महिनाअखेरीस दिसलं की महिन्याची मोठी यादी ठीक होती. गळती होती मधल्या फेऱ्यांत. मोबाइलवरून दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर, आणि तिच्यासोबत आलेली दोन चॉकलेटं. रविवारचे पोहे-जिलेबी, मग ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून छप्पनला आणखी काही. आणि सेंव. इंदूरच्या घरात सेंव हा किराणा आहे की चैन, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी ती यादीत राहिली, महिन्याला एक किलो, आणि संपली की संपली.

मधल्या फेऱ्या आठवड्याला एक केल्या. भाजी शनिवारी एकदाच, रोख पैसे पाकिटात मोजून. रविवारचे पोहे घरी. यातून महिन्याला 2,500 रुपये सुटले. ऐकायला किरकोळ वाटतात. पण 4,000 ऐवजी 6,500 भरले की पहिल्याच महिन्यात मुद्दल 700 ऐवजी 3,200 रुपयांनी उतरतं, आणि साडेतीन वर्षांहून लांबणारं कर्ज अठरा महिन्यांत संपतं. व्याज आधीच कापलं गेल्यामुळे वरचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलावर जातो. म्हणूनच वाचलेले पैसे ज्या दिवशी वाचले त्या दिवशी कार्डावर भरावेत. खात्यात ठेवले तर ते महिनाअखेरीपर्यंत कुठेतरी जातातच, हा आमचा अनुभव.

काही गोष्टींना आम्ही हात लावला नाही. मुलांचं दूध, आजीची फळं, रोजचं वरण. तूर महाग झाली की वरणात अर्धी मुगाची डाळ घातली, आठवड्यातून दोनदा पिठलं किंवा मटकीची उसळ केली. हरभरा तर माळव्यातलाच. जेवणातून पोषण काढून घेऊन फेडलेलं कर्ज पुढे औषधांच्या बिलात परत येतं.

सणांचं वेगळं काढावं लागलं. चैत्रातलं हळदीकुंकू, गणपती, महालक्ष्म्यांचा नैवेद्य, दिवाळीचा फराळ. हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण ते अचानक आल्यासारखे कार्डावर टाकतो. महिन्याला 500 रुपये वेगळ्या डब्यात टाकले. हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं केलं, वाण दिलं नाही. कुणी काही म्हटलं नाही.

घरातलं सोनं बँकेत ठेवून त्या पैशांनी कार्ड बंद करायचं, हाही रस्ता आहे. सोनेतारण कर्ज बँकेत वर्षाला साधारण 9 ते 12 टक्क्यांनी मिळतं, कार्डाच्या 42 टक्क्यांपुढे ते काहीच नाही. दागिने गहाण ठेवणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. आमच्या मते कार्डाची बाकी वर्षानुवर्षं ओढणं जास्त महाग आहे. मात्र हप्ते नियमित भरायची खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नये, दागिन्यांचा लिलाव होतो.

सगळ्यांत अवघड गेलं ते आईंना सांगणं. कर्जाचा आकडा त्यांना माहीतच नव्हता. कोठी रिकामी बघून त्या दोन दिवस गप्प होत्या. गहू न भरलेलं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. मग वरचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी 1,800 चा आकडा दोनदा विचारला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, साठ किलो आणा, तीन महिने जातील. पावसाळ्यात सुटा घेतलेला गहू जरा दमट निघतो. ऊन पडलं की त्या तो गच्चीवर चादरीवर पसरतात आणि मगच गिरणीत पाठवतात.