चार सेकंदांत खेळाडू ओळखता येतो काय?

एखादी गोष्ट सेकंदाच्या शतांशापर्यंत अचूक मोजली, म्हणजे ती आपल्याला पूर्ण कळली असे म्हणता येईल का? अमेरिकेतील एका खेळाच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहू.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा आहे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि फेकतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक; दूर धावत जाऊन झेलणारा तो वाइड रिसीव्हर. व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंतून क्रमाक्रमाने निवड करतात.

याच खेळाडूंवर प्रेक्षकांचा आणखी एक खेळ चालतो. त्याला फँटसी फुटबॉल म्हणतात. प्रत्येकाने कागदावर आपला संघ निवडायचा आणि त्या खेळाडूंनी मैदानात जे केले त्याचे गुण मोजायचे. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक झेलास १ गुण, दर १० यार्डांस १ गुण आणि टचडाऊनला ६ गुण मिळतात. अडचण येते ती नवख्या खेळाडूची. व्यावसायिक सामना तो एकही खेळलेला नसतो. मग त्याचे भवितव्य कशावरून ताडायचे?

घड्याळ काय सांगते?

इंडियानापोलिस येथे दरवर्षी चाचणी-शिबिर भरते. तेथे ४० यार्ड, म्हणजे ३६.५८ मीटर, धावण्यास लागणारा वेळ मोजतात. २०१७ साली जॉन रॉस याने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापले. त्या शिबिरातील तो तेव्हाचा विक्रम होता. कूपर कप याला ४.६२ सेकंद लागले. सरासरी वेग काढा: रॉसचा सेकंदाला ८.६७ मीटर, कपचा ७.९२ मीटर. रॉसची निवड ९व्या क्रमांकावर झाली, कपची ६९व्या.

पुढे काय झाले? दुखापतींनी गाठलेल्या रॉसच्या नावावर पहिल्या हंगामात एकही झेल लागला नाही. कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाऊन केले. केवळ झेलांचा हिशोब केला तरी १४५ + १९४.७ + ९६ = ४३५.७ गुण!

मोजले ते, आणि लागते ते

घड्याळ चुकले नव्हते. पण सरळ रेषेत धावणे हा या खेळाचा एक भाग आहे. झेलणाऱ्याला वेगात जाऊन एकदम थांबावे लागते, वळावे लागते. येथे तुमच्या पुस्तकातले सूत्र उपयोगी पडते: थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). मंदन ६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर ८ मीटर प्रति सेकंद वेगाने येणारा सुमारे ५.३ मीटरांत थांबतो. ९ मीटर वेगाने येणाऱ्याला जवळजवळ ६.८ मीटर लागतात. वेग साडेबारा टक्के वाढला, अंतर मात्र २७ टक्क्यांनी वाढले.

दुसरी गोष्ट अशी की, शिबिरापर्यंत पोचलेले बहुतेक सारे चपळच असतात. मंद धावणारे आधीच गळालेले असतात. उरलेल्यांतील थोडासा फरक मग फार काही सांगू शकत नाही.

गुणोत्तर पाहा

म्हणून जाणकार महाविद्यालयातील कामगिरी पाहतात. पण नुसता आकडा नव्हे. समजा, ‘क्ष’ने १,२०० यार्ड मिळवले आणि ‘य’ने ९००. ‘क्ष’ मोठा वाटतो. पण ‘क्ष’च्या संघाने फेकींवर एकूण ४,००० यार्ड मिळवले असतील, तर त्याचा वाटा ३० टक्के. ‘य’च्या संघाचे २,२५० असतील, तर त्याचा वाटा ४० टक्के. शिवाय ‘य’ १९ वर्षांचा आणि ‘क्ष’ २२ वर्षांचा असेल, तर ‘य’ची कामगिरी अधिक बोलकी ठरते.

कपने महाविद्यालयात ४२८ झेलांत ६,४६४ यार्ड मिळवले होते. मात्र त्याचे विद्यापीठ दुय्यम श्रेणीत खेळे. प्रतिस्पर्धी किती बळकट होते, हेही पाहावेच लागते.

तरीही सावधान!

आता वळण्याची चाचणीच खरी, असे समजू नका. २०१९ साली सुमारे १०३ किलो वजनाचा डीके मेटकाफ ४० यार्ड ४.३३ सेकंदांत धावला. पण शंकूंभोवती वळणे घेण्याच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले. हा वेळ या जागेवरील खेळाडूच्या मानाने पुष्कळच जास्त. त्याची निवड ६४व्या क्रमांकावर झाली आणि २०२० मध्ये त्याने १,३०३ यार्ड मिळवले! वेग, वाटा, वय, प्रतिस्पर्धी आणि मिळणारी संधी यांचा एकत्र विचार केला, तरी हाती येते ती शक्यता, खात्री नव्हे.

करून पाहा

शाळेतील दहा कबड्डीपटूंचा ३० मीटर धावण्याचा वेळ घ्या. हाताने चालवलेल्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढा. मग दर दहा चढायांत कोण किती गुण आणील, याचा अंदाज स्पर्धेपूर्वी वहीत लिहा. स्पर्धेनंतर ताडून पाहा. अंदाज आधी लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही, एवढे एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळा. ते पाळले नाही तर आपण कोठे चुकलो हे कधीच कळणार नाही.