तीन मिनिटांचे उड्डाण, आयुष्यभराचे मित्र

एका मॉडेल विमानाचा सांगाडा २०० ग्रॅमचा. त्याच्या पोटात ३० ग्रॅम रबराची लड. त्या रबराला शेकडो पीळ द्यायचे, हवेचा अंदाज घ्यायचा आणि विमान आभाळात सोडून द्यायचे. त्यानंतर उडवणाऱ्याच्या हातात काहीही उरत नाही. रिमोट नाही की दोरी नाही. विमान आपले आपण वर चढते, पीळ संपला की प्रोपेलरची पाती मिटतात आणि ते घारीसारखे तरंगत राहते. साधारणपणे तीन मिनिटे हवेत राहिले की त्या फेरीचे पूर्ण गुण. या प्रकाराला ‘फ्री फ्लाइट’ म्हणजे मुक्त उड्डाण म्हणतात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या देखरेखीखाली त्याच्या जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होतात.

आरोग्याच्या सदरात ही खेळण्यातली विमाने कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण या छंदातली माणसे आहेत. शाळकरी वयात एका मैदानावर भेटलेली मुले सत्तरी उलटल्यावरही एकत्र विमाने उडवताना दिसतात, ही या खेळात नवलाईची गोष्ट नाही. नोकऱ्या बदलल्या, गावे बदलली, संसार झाले, तरी मित्र तेच राहिले. असे का होते, हे समजून घेणे एका डॉक्टरला आवश्यक वाटते. कारण याच्या उलट चित्र आम्ही रोज ओपीडीत पाहतो.

निवृत्त होऊन दोन-तीन वर्षे झालेले गृहस्थ येतात. झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते. ईसीजी ठीक, साखर आटोक्यात, थायरॉइड ठीक. मग मी विचारतो, “काका, मनातले बोलायला कोण आहे? जवळचा मित्र?” बहुतेक वेळा उत्तर येते, “होते की, ऑफिसात.” ऑफिस सुटले आणि मित्रही सुटले. घरी बायको-मुले असतात, कोणी छळत नाही, पण दिवस जाता जात नाही. बायकांची शेजारपाजारी, नात्यात, भिशीत, भजनात ये-जा असते. पुरुषाची मैत्री मात्र अनेकदा कामाच्या जागेला बांधलेली असते.

हा केवळ मनाचा प्रश्न नाही. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती आणि सरासरी साडेसात वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये सुरू केलेला, आजही चालू असलेला अभ्यासही हेच सुचवतो: म्हातारपणी कोण निरोगी आणि समाधानी असेल, याचा अंदाज नात्यांच्या जवळिकीवरून चांगला बांधता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो.

अशा आकडेवारीत एक मेख असते, तीही सांगितली पाहिजे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याचे मित्र कमी होतात. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासांतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. संशोधक वय, मूळचे आजार, व्यसने यांचा हिशेब धरून हा गुंता सोडवायचा प्रयत्न करतात. तरीही संबंध उरतोच, म्हणून तो गांभीर्याने घ्यायचा.

आता विमानांच्या मैदानावर परत जाऊ. मुक्त उड्डाणाची पहिली अट अशी की ते एकट्याने नीट जमत नाही. ग्लायडरच्या प्रकारात ५० मीटर दोरीने विमान पतंगासारखे वर ओढत पळावे लागते. सुरुवातीला ते विमान हातात धरून नेमक्या क्षणी सोडणारा दुसरा कोणी तरी लागतो. रबराच्या विमानाला पीळ देताना सांगाडा घट्ट धरायला कोणी लागते. वर चढणारी गरम हवा, म्हणजे ‘थर्मल’, कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. काठीला बांधलेल्या चकचकीत फिती, गवताची हालचाल, घिरट्या घालणारे पक्षी यांवरून ते ओळखायचे असते. एकाने पीळ दिलेले विमान धरून उभे राहायचे आणि दुसऱ्याने हवेकडे पाहून “सोड!” म्हणायचे. मित्र चुकला तर फेरी गेली. तरी पुढच्या फेरीला पुन्हा त्याच्याच शब्दावर विमान सोडायचे.

त्यानंतर शोधाशोध. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा असेल तर तीन मिनिटांत विमान ९०० मीटर दूर जाते. ठरलेल्या वेळी शेपटीची पट्टी उभी होऊन विमान खाली यावे, अशी सोय त्यात असते. पूर्वी त्यासाठी उदबत्तीसारखी सावकाश जळणारी वात लावत, नंतर घड्याळाच्या यंत्रणा आल्या. तरीही विमान शेतात, झाडावर, ओढ्यापलीकडे उतरतेच. मग दोघांनी दुर्बीण, होकायंत्र आणि सायकल घेऊन निघायचे. एका फेरीत विमान हवेत तीन मिनिटे असते आणि माणसे सोबत तासभर चालत असतात.

हा तासभर महत्त्वाचा आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मैत्री जुळायला किती वेळ लागतो, याचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि घनिष्ठ मैत्रीला २०० तासांहून अधिक. ऑफिसात शेजारी बसून काम करण्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. आपखुशीने एकत्र घालवलेला वेळ मोजायचा. विमाने उडवणाऱ्यांचे हे २०० तास एखाद-दुसऱ्या मोसमातच भरतात. त्यात विमान बांधण्याच्या रात्री आहेत, मैदानापर्यंतचा प्रवास आहे आणि वारा पडण्याची वाट पाहत गवतात बसलेल्या सकाळीही आहेत.

कंट्रोल लाइन या प्रकारात तर दोन माणसांचा संघच असतो. एक वैमानिक, एक मेकॅनिक. विमान सुमारे १६ मीटर लांबीच्या दोन तारांना बांधलेले असते आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने वर्तुळात फिरते. एका वर्तुळात तीन संघ एकाच वेळी शर्यत करतात. १०० फेऱ्या म्हणजे १० किलोमीटर. मध्यभागी तीन प्रतिस्पर्धी वैमानिक एकमेकांना अक्षरशः खेटून गोल फिरत असतात. इंधन संपले की विमान उतरते. कडेला बसलेला मेकॅनिक ते पकडतो, इंधन भरतो, बोटाने प्रोपेलर फिरवून इंजिन चालू करतो आणि काही सेकंदांत विमान पुन्हा सोडतो. त्या इंधनात रॉकेल आणि एरंडेलाबरोबर ईथर असते. एके काळी शस्त्रक्रियेआधी भूल देताना वापरत तेच ईथर. वासाच्या संवेदना मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांकडे जवळच्या वाटेने पोहोचतात. त्यामुळे या जळक्या एरंडेलाच्या वासाने जुन्या खेळाडूंना थेट वीस वर्षांचे असतानाचे मैदान आठवले, तर त्यात आश्चर्य नाही.

ऑक्सफर्डमधील एका लहानशा प्रयोगात वल्हे मारणाऱ्या खेळाडूंची वेदना सोसण्याची क्षमता मोजली होती. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यावर ती जितकी वाढली, त्यापेक्षा सगळ्यांनी एका तालात केल्यावर अधिक वाढली. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये त्यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. तालात एकत्र केलेले काम माणसांना जवळ आणते, हे दिंडीत चाललेल्या किंवा ढोल पथकात वाजवलेल्या कोणालाही पटेल.

स्पर्धा म्हटली की ईर्ष्या आली, मग मैत्री कशी टिकते, असा प्रश्न येतो. मुक्त उड्डाणाच्या नियमांतच त्याचे उत्तर आहे. माझी तीन मिनिटे भरली म्हणून तुमची कमी होत नाहीत. अनेकांना सर्व फेऱ्यांत पूर्ण गुण मिळू शकतात. मग त्यांच्यात वाढीव वेळेच्या निर्णायक फेऱ्या होतात. समोर उभा असतो तो वारा, आणि तो सगळ्यांना सारखाच. क्लबच्या स्पर्धांत तर प्रतिस्पर्धीच एकमेकांची वेळ घड्याळावर मोजतात. तुमचे विमान ढगाआड जाईपर्यंत त्यावर नजर लावून बसणारा माणूस कदाचित तुमच्यामुळेच हरणार असतो. अशा ठिकाणी माणसाचा खरेपणा फार लवकर कळतो.

या विश्वासाची परंपरा जुनी आहे. माणूस विमानात बसून उडण्याच्या तीस वर्षे आधी, १८७१ मध्ये, आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारे विमान उडवून दाखवले होते. १९२८ पासून सर चार्ल्स वेकफिल्ड यांनी दिलेल्या चषकासाठी रबराच्या विमानांच्या स्पर्धा होऊ लागल्या. तेव्हा परदेशवारी कोणाला परवडणार? म्हणून विमान खोक्यात घालून परदेशी पाठवायची सोय होती. तिथला कोणी तरी अनोळखी खेळाडू ते स्पर्धकाच्या वतीने उडवी. महिनोन्महिने राबून बांधलेली नाजूक वस्तू न पाहिलेल्या माणसाच्या हवाली करायची, सोबत पीळ किती द्यायचे याची चिठ्ठी ठेवायची आणि उत्तराची वाट पाहायची. पुढे शीतयुद्धाच्या काळातही सोव्हिएत संघाचे आणि पाश्चात्त्य देशांचे स्पर्धक जागतिक स्पर्धांत एका मैदानावर उभे राहत. भाषा येत नसली तरी पंखाच्या आकाराबद्दल हातवाऱ्यांनी बोलता येई.

वैद्यकीय दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती या खेळातली वयाची सोय. विशीत दोरी घेऊन धावणारा माणूस साठीत धावू शकत नाही. गुडघे दुखतात, दम लागतो. मग तो रबराची विमाने उडवतो किंवा बंदिस्त जागेतल्या प्रकाराकडे वळतो. त्यात रबर सोडून जेमतेम दीड ग्रॅम वजनाची विमाने संथपणे घिरट्या घालतात. रुमानियातल्या स्लॅनिकच्या मिठाच्या खाणीत त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. तेही जमेनासे झाले तर तो वेळ मोजतो, हवा पाहतो, पोरांना बाल्साच्या पट्ट्या कापायला शिकवतो. शरीर थकते तसे काम बदलते, पण मैदानावरची जागा जात नाही. आपल्याकडे सांधेदुखी किंवा हृदयविकार झाला की ‘आता बाहेर पडू नका’ हा घरच्यांचा पहिला सल्ला असतो. औषधांइतकाच त्या सल्ल्याचाही परिणाम होतो, आणि तो चांगला नसतो.

महाराष्ट्रातही या छंदाची ओळख अनेकांना आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने बांधणे आणि उडवणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येक कॅडेटांनी कॉलेजच्या मैदानावर तारांना बांधलेले विमान गरगर फिरवले असेल. त्या वेळचा जोडीदार आज कुठे आहे, हे त्यांनी शोधून पाहावे.

मात्र विमानेच हवीत असे नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामायिक शेड सुरू झाल्या. पुरुष समोरासमोर बसून फार बोलत नाहीत, पण शेजारी उभे राहून काम करताना बोलतात, हा त्यामागचा अनुभव. मोटारीच्या बॉनेटमध्ये डोके घालून दोन मित्र काय काय बोलतात, हे आपणही पाहिलेले आहे.

म्हणून एकटेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी ‘मित्र जोडा’ असे मोघम सांगत नाही. दुसऱ्याच्या हाताशिवाय होणार नाही असे काम शोधा, असे सांगतो. त्याचा वार आणि वेळ ठरलेली असावी. त्यात थोडी चुरस असावी, म्हणजे तयारी करावीशी वाटते. आणि वय वाढले तरी करता येईल असे काही तरी त्यात असावे. कॅरम, भजनी मंडळ, नाटकाचा हौशी संघ, गडावरच्या टाक्यांची सफाई, गल्लीतल्या गणपतीची आरास, काहीही चालेल. पहिले दोन-तीन महिने परके वाटेल, कारण पन्नास तास अजून भरलेले नसतात. तेवढा वेळ द्यावा.

सतत उदास वाटणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे असे काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुमच्या घरात नुकतेच निवृत्त झालेले कोणी असेल, तर रक्तदाब मोजता तसे अधूनमधून एवढे विचारत जा: या आठवड्यात कोणाला भेटलात, आणि दोघांनी मिळून काय केले?