माजी सैनिकांच्या मुलांची फी: कोणाला काय मिळते?

वडोदऱ्यातल्या अनेक मराठी घरांत कोणीतरी फौजेतून निवृत्त झालेले असते. मुलांच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी सवलत आणि शिष्यवृत्ती यांत गल्लत होते, ती टाळावी.

युद्धात शहीद, बेपत्ता वा कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांसाठी 1971 च्या युद्धानंतर केंद्राने शिक्षण-सवलत सुरू केली. तिच्यात पदवीपर्यंतची ट्यूशन फी आणि वसतिगृहाचा खर्च मिळतो. 2017 मध्ये या दोन्हींवर मिळून दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा आली होती. 2018 मध्ये ती उठली.

इतर माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. तिने फी माफ होत नाही, पैसे हाती येतात: मुलींना दरमहा 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये, म्हणजे मुलीला वर्षाला 36,000. अट अशी, की अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि बारावीला, डिप्लोमाला किंवा पदवीला किमान 60 टक्के हवेत. साध्या बी.ए.ला ती लागू नाही. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर पहिल्याच वर्षी करायचा.

डिस्चार्ज बुकात मुलाचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, हे आधी पाहा. फरक असेल तर प्रवेशाची धावपळ सुरू होण्यापूर्वीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.