टायर विसरून चालणार नाही

समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा, मेहकरच्या सपाट पट्ट्यात मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे गाडी सेकंदाला 33 मीटर पळते. करकचून ब्रेक दाबला, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती साधारण 80 मीटरवर थांबेल. पावसात टायरचा घर्षणगुणांक 0.4 वर आला, की 140 मीटर लागतील. हे गणित वाहन अभियंत्याच्या हातचं असतं. तो स्वयंचलित वाहनांच्या संशोधनात शिरतो, तेव्हा मात्र प्रश्नच बदलतो.

आजवर तो बिघाडांचा हिशेब करत आला: तार तुटली, सेन्सर मेला, तर काय? त्यासाठी 2011 पासून आयएसओ 26262 हे मानक आहे. नव्या क्षेत्रात काहीही न बिघडता अपघात होऊ शकतो. कॅमेरा धडधाकट, संगणक चालू. फक्त कडब्याने शिगोशीग भरलेली बैलगाडी हे वाहन आहे, हेच त्याला उमगत नाही. अशा धोक्यांसाठी 2022 मध्ये आयएसओ 21448 हे वेगळं मानक आलं.

बैलगाडी ओळखायची, तर यंत्राला आधी ती दाखवायला हवी. संशोधकांमध्ये गाजलेला 2016चा 'सिटीस्केप्स' चित्रसंच मुख्यतः जर्मन शहरांतला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये भारतीय रस्त्यांची 10,000 चित्रं 34 वर्गांत लावली. त्यात रिक्षा आणि जनावरं आहेतच; शिवाय डांबराबाहेरचा, पण चाक घालता येईल असा मातीचा पट्टा हाही एक वर्ग आहे. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, की आपण जिथे उतरतो तोच! तरी ही चित्रं हैदराबाद-बंगळुरू आणि आसपासची. कापसाच्या हंगामातलं खामगाव त्यात नाही.

समृद्धीवर उलटी अडचण. पट्टे ठळक, चौक नाहीत, त्यामुळे लेन राखणारी, स्वयंचलनाच्या दुसऱ्या पातळीची यंत्रणा इथे छान चालते. पण त्या पातळीवर लक्ष चालकानेच ठेवायचं असतं. सरळ, एकसुरी रस्त्यावर आधीच डोळा लागतो; त्यात स्टिअरिंगचं कामही काढून घेतलं, तर तो जागा राहील कशाला? गाडीने रस्त्याइतकंच चालकाकडेही पाहायला हवं. माझ्या मते आपल्याकडे संशोधनाची खरी निकड इथे आहे. चालकांचा रोजगार जाईल म्हणून बिनचालकाच्या गाड्या येऊ देणार नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी वारंवार सांगत आले आहेत. तेव्हा इथलं काम बरंचसं चालकाला साथ देणाऱ्या यंत्रणांचंच राहणार.

कॅमेऱ्याने अडथळा ओळखायला अर्धा सेकंद जादा घेतला, तर गाडी जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर तेवढी जागा उरली आहे का, हे टायर समजणाराच सांगू शकतो. शेगाव, बुलडाण्यातल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनो, पायथन शिका, संभाव्यता शिका; पण वाहनगतिकीचा धडा ऑप्शनला टाकू नका.