चौदा दुकानं

हेडसेट पुसायला ताई आता स्पिरिट वापरत नाहीत. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं वापरतात. सुरुवातीला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायच्या. एका माणसानं हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि चित्र सुरू होण्याआधीच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. ‘‘महागडं यंत्र राहिलं बाजूला, कापसाच्या बोळ्यानंच काम केलं,’’ ताई सांगतात. हा किस्सा कानावर आला म्हणून मी पुण्यातल्या ताईंच्या लहानशा व्यसनमुक्ती केंद्रात गेले.

खुर्चीत बसलेले दादा एसटीच्या वर्कशॉपमधले. दारू सोडताना हात थरथरतात, कुणाला फिट्स येतात. डॉक्टरांच्या देखरेखीतला तो टप्पा त्यांनी पार केलाय. ‘‘डेपोपासून घरापर्यंत चौदा दुकानं आहेत,’’ हेडसेटचा पट्टा आवळता आवळता ते म्हणाले. चौदा.

ताईंनी मला पावलोवच्या कुत्र्याची आठवण करून दिली. खाण्याची वर्दी देणारी घंटा वाजतच राहिली आणि खाणं आलं नाही, की लाळ हळूहळू आटते. ग्लास दिसावा, पण घोट मिळू नये. तलफ चढावी आणि आपली आपण उतरावी, हे इथलं सूत्र. अडचण अशी, की केंद्रातल्या खोलीत शिकलेलं बऱ्याचदा खोलीतच राहतं. कोपऱ्यावरचं दुकान दिसलं की जुनी घंटा पुन्हा वाजते. म्हणून हेडसेटमधून कोपराच खोलीत आणायचा. ह्यूस्टनमध्ये संशोधक पॅट्रिक बोर्डनिक यांनी आभासी बार आणि पार्ट्या उभ्या केल्या, त्यांना वासाचीही जोड दिली. बार्सिलोनाच्या ‘अल्को-व्हीआर’ या प्रोग्रॅममध्ये चार जागा आहेत : रेस्टॉरंट, बार, पब आणि घर. घरसुद्धा! कोरियातल्या संशोधकांनी २०१५मध्ये १२ रुग्णांना ५ आठवड्यांत १० वेळा असं बसवलं. आधी मन शांत करणारं दृश्य, मग पिणाऱ्यांची मैफल आणि शेवटी जास्त झालेल्यांच्या ओकाऱ्या, आवाज-वासासकट. नंतरच्या तपासणीत तलफेशी संबंधित मेंदूच्या भागांतली धावपळ मंदावलेली दिसली. पण माणसं १२च, हेही ताईंनीच सांगितलं.

दादांना आधी तयार मिळालेला परदेशी बार दाखवला. मंद दिवे, उंच स्टुलं, पॉलिश केलेलं काउंटर. तलफ किती, शून्य ते दहात?

‘‘दोन. ताई, इथं आपल्याला गेटवरच अडवतील.’’

मला हसू आलं. ताईंना नाही. त्यांनी दुसरी फाइल लावली. देशी दारूच्या एका खऱ्या दुकानात मालकाला विचारून, गिऱ्हाईक नसताना केलेलं चित्रण. लोखंडी जाळी, तिच्यामागे संत्र्याच्या क्वार्टरची रांग, बाकड्यावर पाण्याचा जग, कागदावर फुटाणे.

दादा बोलायचे थांबले. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा नाडीचा आकडा वर गेला. उजवा हात उठला, मूठ रिकाम्या हवेभोवती गोल झाली. मग डाव्या हाताचं बोट त्या नसलेल्या ग्लासात बुडालं आणि दोन थेंब बाजूला उडाले. पहिल्या घोटाआधी देवाला, नाहीतर गेलेल्या माणसांना द्यायचे थेंब. कित्येक पिणाऱ्यांची ही रीत. दादांना आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता.

‘‘आठ,’’ ते म्हणाले.

ताईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बाकी काही नाही. उठवलं नाही, उपदेश केला नाही. आठचे सात झाले, बऱ्याच वेळानं पाच. वीस मिनिटांनी तीन. हेडसेट काढला तेव्हा डोळ्यांभोवती घामानं ओले वळ होते.

मी आकडे लिहून घेतले. पण घरी जाताना रिक्षात आठवत राहिले ते दोन थेंब. ते कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नव्हते. त्या माणसात होते, आणि त्याच्याच रस्त्यावरची जाळी दिसल्यावर बाहेर आले. परक्या बारात कितीही सराव केला असता, तरी त्या थेंबांना धक्का लागला नसता. यंत्राला मी नावं ठेवत नाही. रंगीत तालीम म्हणून ते चोख आहे. पण त्यात दुकान एक आहे, रस्त्यावर चौदा.

एक आणि चौदाचं हे गणित निघण्याआधी मी ताईंना बोलून दाखवलं होतं. त्या साबणाच्या फडक्यानं भिंगं पुसत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन खांदा आणि कानामध्ये धरून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘कितवं?’’

मग पुसणं थांबवून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.