अवकाश कार्यक्रमात कलावंतांना जागा हवी

बंगळुरूमध्ये अवकाश कार्यक्रमाची चर्चा निघाली की ती बहुधा काटकसर, प्रक्षेपणांची संख्या आणि राष्ट्राभिमान यांच्याभोवतीच फिरते. या शहरात राहणाऱ्या मला त्यात एक उणीव सतत जाणवते. कलावंतांचा उल्लेखही कोणी करीत नाही.

वास्तविक या कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांना ही फारकत मान्य नसावी. १९४७ मध्ये भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन करणाऱ्या साराभाईंनी दोनच वर्षांनी, पत्नी मृणालिनी यांच्यासह, अहमदाबादेत ‘दर्पण’ ही नृत्य-नाट्यसंस्था सुरू केली. अमेरिकेत ‘नासा’ने १९६२ पासून चित्रकारांना आपल्या तळांवर बोलावले. १९६९ मध्ये ‘अपोलो ११’चे उड्डाण पाहण्यासाठी रॉबर्ट राउशेनबर्ग यांना निमंत्रण होते, त्यातून त्यांची शिळाछापांची मोठी मालिका निर्माण झाली.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील तबकडीत समाविष्ट झाली. ‘व्हॉयेजर १’ने ५ सप्टेंबरला उड्डाण केले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज तो स्वर सूर्यमालेच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेला आहे. आपण याचा अभिमान बाळगतो, तो योग्यच. पण त्या गायनाची शिफारस रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने केली होती, हेही लक्षात ठेवावे.

बंगळुरूतही एक प्रयत्न झाला. ‘चांद्रयान-१’ येथेच घडले आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावले. त्या सुमारास ‘सृष्टी’ या येथील कलाशिक्षण संस्थेत काम करणाऱ्या ब्रिटिश कलावंत जोॲना ग्रिफिन यांनी या मोहिमेभोवती ‘मून व्हेइकल’ हा प्रकल्प उभारला. चांद्रयान या नावाचे हे सरळ भाषांतर. त्यात मुलांची कार्यशाळाही झाली. तिच्याविषयी ग्रिफिन यांनी २०१२ मध्ये ‘लिओनार्डो’ या नियतकालिकात लिहिले. मला या उपक्रमाचे मोल वाटते ते एका कारणासाठी. यान आपल्याच शहरात तयार होते, परंतु नागरिकांना दिसते ती केवळ कुंपणाची भिंत आणि नंतर दूरदर्शनवरील टाळ्या. तज्ज्ञ आणि टाळ्या वाजवणारा जमाव यांच्यामध्ये तिसरी काही भूमिका असू शकते, हे अशा कार्यशाळेतून मुलांना समजते. पत्रकातून ते समजत नाही.

गरीब देशात कलेवर खर्च कशाला, असा आक्षेप येईल. पण खर्च तो कितीसा? थोडा कागद आणि एक प्रवेशपत्र!

आता ‘गगनयान’ची तयारी चालू आहे. त्यासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. १९८४ मध्ये अवकाशातून भारत कसा दिसतो, असे इंदिरा गांधींनी विचारले, तेव्हा राकेश शर्मा या वैमानिकालाही इक्बाल यांच्या शब्दांचा आधार घ्यावासा वाटला होता. पुढचे उत्तर नवे असावे, असे वाटत असेल, तर ‘इस्रो’ने बंगळुरूच्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात एखाद्या कवीला आणि एखाद्या चित्रकाराला वर्षभर ये-जा करू द्यावी. गुप्ततेच्या अटी त्यांनाही लावता येतील.