सोलकरची पकड

भाताची झोडणी आटोपली की महाड-पोलादपूर पट्ट्यात कबड्डीच्या स्पर्धांचे बॅनर लागू लागतात. बक्षिसांच्या यादीत दोन मानकरी हमखास असतात : उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड. गुण आणणाऱ्याइतकाच त्याला अडवणाराही कर्तबगार, हे इथल्या पंचांना कुणी शिकवावं लागत नाही. त्याच गावांत, भात कापलेल्या खाचरांत टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं तेव्हा मात्र ही दृष्टी हरवते. फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहायला कुणी राजी नसतं. मग ज्याची बॅटिंग येणार नाही, अशा एखाद्या पोराला तिथे ढकलतात.

बेसबॉलवाले या बाबतीत कबड्डीच्या जवळचे. अमेरिकेत कूपर्सटाऊनला त्यांचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे २००२ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, ओझी स्मिथ निवडून गेला. हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. १९ हंगामांत त्याचे होमरन अवघे २८. एखादा दणकट फलंदाज तेवढे एका हंगामात ठोकतो. पण १९८० ते १९९२ अशी सलग १३ वर्षं क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याच्याकडेच होता. बॅटीची उणीव हातांनी भरून काढली, असं मतदारांनी मान्य केलं.

आपल्याकडे या तोलाचा माणूस शोधायचा तर मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्यात जावं लागतं. एकनाथ धोंडू सोलकर, जन्म १८ मार्च १९४८. वडील जिमखान्यात माळी, मैदानाची निगा राखणारे. बिऱ्हाड तिथल्याच एका खोलीत. पोरगा सामन्यांच्या वेळी धावफलकाचे आकडे बदलायचा. जिथे आकडे टांगले, तिथल्याच खेळपट्टीवर पुढे तो घडला. १९६९ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला.

आकड्यांनी पाहिलं तर फलंदाज बरा, गोलंदाज कामापुरता : २७ कसोटींत १०६८ धावा, एक शतक, १८ बळी. पण झेल ५३. किमान वीस कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत सामन्यामागे झेलांचं हे प्रमाण अनेक दशकं सर्वोच्च राहिलं. आणि तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना. फलंदाजाच्या पायांकडे किंवा बॅटीकडे न बघता फक्त चेंडूवर नजर, एवढंच गुपित तो सांगायचा. सांगायला सोपं आहे. तीन-चार पावलांवर माणूस बॅट उगारून उभा असताना डोळा न मिटणं, हे त्यातलं अवघड काम.

१९७१ चं साल त्याचंच. किंग्स्टनला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली असताना त्याने मडगावच्या दिलीप सरदेसाईंबरोबर १३७ धावा जोडल्या. सरदेसाईंच्या २१२ पुढे त्याच्या ६१ झाकल्या गेल्या. पोर्ट ऑफ स्पेनला एका कसोटीत सहा झेल घेतले. ऑगस्टमध्ये ओव्हलला इंग्लंडचा दुसरा डाव १०१ त कोसळला. चंद्रशेखरांचे ३८ धावांतले ६ बळी सगळ्यांना पाठ असतात. पण पहिल्या डावात ९० करून गेलेला ॲलन नॉट या वेळी एका धावेवर परतला, तो व्यंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून, जमिनीला टेकता टेकता उचललेल्या झेलामुळे. माझ्या मते सामना तिथेच फिरला. नॉट टिकता तर भारताला चौथ्या डावात किती धावा लागल्या असत्या कोण जाणे. २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. १९७२-७३ मध्ये इंग्लंड इकडे आलं तेव्हा सोलकरने मालिकेत १२ झेल टिपले.

इथे एक व्यवहार समजून घ्यायला हवा. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, व्यंकट हे फिरकी गोलंदाज चेंडूला उंची देऊ शकत, फलंदाजाला पुढे खेचू शकत. कारण बॅट-पॅडला लागून उडालेला चेंडू वाया जाणार नाही याची खात्री होती. बचाव करणाऱ्या फलंदाजालाही मग हात मोकळे ठेवता येत नसत. म्हणजे जे झेल सोलकरकडे आलेच नाहीत, त्या बळींतही त्याचा वाटा होता. पण धावफलकावर त्याची नोंद होत नाही.

मुंबईसाठी तो याहून जास्त होता. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या आखाड्यात तामिळनाडू ८० आणि ६१ त गारद झालं. शिवलकरांचे तेरा बळी गाजले. दुसऱ्या डावातले उरलेले पाच सोलकरचे, डावखुऱ्या हातचे.

२६ जून २००५ ला मुंबईत तो गेला, वयाच्या ५७ व्या वर्षी. आयसीसीचं हॉल ऑफ फेम २००९ मध्ये सुरू झालं. पहिल्याच यादीत २६६ बळींचे बेदी होते. पुढे कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, मंकड आले. सोलकर नाही. धावा आणि बळी मोजायची सवय लागलेल्या खेळात त्याच्यासाठी रकानाच नाही. आणि तो आखायला कुणाची हरकत असावी, असं मला तरी वाटत नाही.